उदबत्तीने निवडलेलं घर

आटपाट टेबल होतं. तिथे मदरबोर्डबाई, तिचा लेक प्रोसेसर आणि तिची सासू पंखाआजी राहत. राहत कसले, उघड्यावर पडलेले असत. टेबल एवढंसं, म्हणून घरही लहानच हवं होतं. प्रोसेसर भारी हुशार, पण काम केलं की तापायचा. फार तापला तर जळणार आणि सगळं घरदार भंगारात जाणार.

घर शोधायला निघाले. काचेचं चकचकीत कॅबिनेट म्हणालं, "वहिनी, माझ्यात या. येणारेजाणारे बघत राहतील." मदरबोर्डबाई भुललीच. शेजारी तेवढंच लहान पत्र्याचं कॅबिनेट होतं, अंगभर भोकं असलेलं. "ही बघा चाळणीची बहीण," काचेचं हसलं.

पंखाआजी म्हणाली, "सूनबाई, आमच्यात उदबत्ती लावल्याशिवाय घर घेत नाहीत."

"पूजा नंतर करू, सासूबाई."

"पूजा कसली? मला धूर बघायचाय."

काचेच्या घरात उदबत्ती लावून आजी गरगर फिरली. धूर आतल्या आत घुटमळला. लेक खोकायला लागला.

"होईल सवय," काचेचं म्हणालं.

"कुकरही भाताला हेच सांगतो," आजी म्हणाली.

मग पत्र्याच्या घरात उदबत्ती लावली. आजी फिरली, तसा धूर मागच्या भोकांतून सरळ बाहेर गेला.

"सामान आत घ्या," मदरबोर्डबाई हळूच म्हणाली.

तिथे लेक दिवसभर राबला तरी कपाळ गार. वर्षाच्या आत रॅमच्या घराण्यातली चलाख सून आली, मदरबोर्डबाईच्या रिकाम्या खणात ऐसपैस बसली, आणि घरातली कामं दुप्पट वेगाने व्हायला लागली.