कणगीतला पाहुणा

पूर्वी वेत्रपुरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका खेड्यात म्हातारे कुंभार होते. काय गाव होतं ते! सुगी झाली की घरोघरी धान्याच्या कणगीत एकेक डुरक्या आणून सोडायचे. डुरक्या म्हणजे गरीब, बिनविषारी साप. उंदीर खायचा आणि गुपचूप पडून राहायचा. पेरणीला त्याला शेतात सोडताना बायका म्हणायच्या, “माहेरी जाऊन ये हो!” ती माया आता कुठली?

त्या गावात नंदिलाचं नवं लग्न झालेलं, बायको भद्रिका पोटुशी. तिची पहिलीच कणगी. हौसेपोटी नंदिलाने संध्याकाळी घाईघाईत बांधावरचा एक ठिपक्यांचा सुस्त साप टोपलीत घातला आणि आणून कणगीत सोडला.

सकाळी बोधिसत्त्व मडकी द्यायला आले, तर भद्रिकेचा हात कोपरापर्यंत कणगीत. आतून लोहाराच्या भात्यासारखा फुत्कार आला. ही तर घोणस!

“पोरी, हात हलवू नकोस.”

त्यांनी मडकं तिच्या हाताशेजारून अलगद आत सरकवलं. घोणस मडक्यावर धावली आणि त्याच वेळी त्यांनी भद्रिकेला मागे ओढलं. मग काठीने घोणस मडक्यात घेऊन त्याचं तोंड बांधलं. भद्रिका रडू लागली.

गाव काठ्या घेऊन जमलं. नंदिल ओरडला, “सगळ्या कणग्या उपसा! ठिपक्यांचा एकही साप ठेवायचा नाही. आजोबा, माझी बायको मेली असती!”

“मेली असती, खरंय. पण बाळा, ही आपणहून आली नव्हती. आमंत्रण डुरक्याला होतं, उचलून आणलंस हिला. मग तिचा आणि डुरक्यांचा काय दोष?”

“मग ओळखायचं कसं, आजोबा?” नंदिलाने विचारलं. बोधिसत्त्वांनी सगळ्यांना नीट सांगितलं, “घोणशीचे ठिपके साखळीसारखे तीन ओळींत, डोकं तिकोनी, मान बारीक. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. मान वेगळी दिसतच नाही, शेपूट आखूड. आणि शंका आली तर हात लावू नका, मला हाक मारा.” मग मडकं उचलून त्यांनी स्वतः घोणस दूर रानात सोडली.

पेरणीला गावचे सगळे डुरके जिवंत शेतात गेले. लेकीला कडेवर घेऊन भद्रिकाही म्हणाली, “माहेरी जाऊन ये हो!”

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, गोष्ट संपवली. मग ते समोरच्या तरुण भिक्खूकडे बघून हसले. “आज सकाळी विहाराच्या पायरीवरचा साप न बघताच ठेचायला निघालास, तो तूच त्या जन्मीचा नंदिल. रोज ताक आणणारी उपासिका ती भद्रिका. कुंभार मी होतो. न ओळखता जवळ करू नये, न ओळखता मारू नये, हीच प्रज्ञा.”

भिक्खूने हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.