कारभाऱ्याने फोडलेला कडा

एका गावात एक कारभारी होता, आणि पुढे जे झालं ते त्याच्यामुळे झालं. देवाचा कोप नाही, नशीब नाही. कारभारी.

ते गाव होतंच अचाट. घोड्याच्या नालेसारखा वळलेला उंच काळा कडा, आणि त्याच्या पोटाशी बिलगून बसलेल्या सात वाड्या. एकीतून दुसरीत जायचं तर ओढा ओलांडावा लागे. पण मधोमध एक सपाट धोंडा होता. त्यावर उभं राहून साध्या आवाजात बोललं, तरी कडा तो शब्द उचलायचा आणि सातही वाड्यांच्या अंगणांत नेऊन ठेवायचा. चुलीपुढच्या बाईला, खाटेवरच्या आजाऱ्याला वाटायचं, कुणी शेजारी बसून बोलतंय. अंगणातून दिलेलं उत्तरही तसंच धोंड्यापर्यंत यायचं. नवखा पाहुणा हे पहिल्यांदा ऐके, तेव्हा त्याचे हात आपोआप जोडले जात.

गावाचा कारभार म्हणूनच धोंड्यावरून चाले. कारभाऱ्याने निर्णय सांगायचा, आणि सातही वाड्यांचा होकार येईपर्यंत तिथेच उभं राहायचं.

एकदा कारभारी म्हणाला, "या आठवड्यात पाटाचं पाणी वरच्या वाडीला."

खालच्या वाडीतून भाकरी थापता थापता एक म्हातारी बोलली, "आणि तुझ्या मळ्यात कालपासून चाललंय ते काय रे, तीर्थ?"

सगळ्या वाड्या हसल्या. ते हसू कड्यावरून फिरून फिरून त्याच्या डोक्यावर पडत राहिलं.

कारभाऱ्याला ते लागलं. त्याने सांगून टाकलं, "धोंडा पुरे झाला. आता सभागृह बांधू. चार भिंतींत, शहाण्या माणसांत कारभार होईल. दगड कड्याचा फोडू."

त्याची एकुलती लेक शेवटच्या वाडीत दिली होती. ती अंगणातून म्हणाली, "आबा, नदीत हवा तेवढा दगड पडलाय. कडा कशाला?"

"नदीतला दगड वाहून कोण आणणार, तुझा सासरा?"

"आणतील की. विचारून तर बघा."

कारभाऱ्याने विचारलं नाही. होकाराची वाट न बघता तो धोंड्यावरून उतरला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. गावच्या म्हाताऱ्यांनी तरी अडवायचं? त्यांनी माना डोलावल्या. सभागृहात त्यांना पुढच्या गाद्या मिळणार होत्या. केस पांढरे झाले की लोक त्यालाच शहाणपण समजतात.

घण पडू लागले. एकेक घाव सातही अंगणांत ऐकू येई, पाळण्यातली पोरं दचकून उठत. मग एका दुपारी कड्याची मधली भिंत खाली आली, आणि त्यानंतरचा घाव कुणालाच ऐकू आला नाही. बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. एवढी शांतता त्या दरीत कधीच झाली नव्हती.

सभागृह मात्र झोकात उभं राहिलं.

फाल्गुनात शेवटच्या वाडीमागे वाळल्या गवताला वणवा लागला. त्या दिवसांत लोक शेतं भाजतात, त्यामुळे धुराचं कुणाला नवल वाटलं नाही. मधे टेकाड होतं, म्हणून वाडीतून आग दिसत नव्हती. सभागृहाच्या पायरीवरून कारभाऱ्याला सगळं दिसत होतं. टेकाडावर चढणारी आग, आणि अलीकडे अंगणात कुरडया वाळत घालणारी लेक. एवढीशी, हिरव्या लुगड्यातली.

तो धोंड्याकडे धावला. "पोरी, पळ! ओढ्याकडे पळ!"

शब्द फोडलेल्या कड्याच्या खड्ड्यात गेला आणि तिथेच मेला. तो घसा फाटेस्तोवर ओरडला. म्हातारेही ओरडले. लेकीने मान वर केली नाही.

मग टेकाडाच्या माथ्यावर आग उभी राहिली, कड्याएवढी उंच, आणि एका दमात खाली उतरली. ओरडणारे सगळे तोंड उघडं ठेवून नुसते बघत राहिले.

तात्पर्य: ज्याला लोकांचं उत्तर नको असतं, त्याची हाकही लोकांपर्यंत पोचत नाही. कारभाऱ्याची लेक त्या वणव्यात गेली.