थांबा न मिळालेलं शहर

फार पूर्वी एका राज्यात नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं एक शहर होतं. अलीकडच्या काठावर जुनी बाजारपेठ, पलीकडे पेरूच्या बागा आणि नवी घरं, आणि दोघांना जोडणारा दगडी पूल. पुलावरून माणसांची रोज ये-जा असे, सोयरिकीही होत. पण अलीकडच्यांचा पलीकडच्यांवर विश्वास नव्हता, आणि पलीकडच्यांचा अलीकडच्यांवर.

या शहराचा कारभारी होता रायाजी. माणूस सचोटीचा, कोणाच्या नारळालाही हात न लावणारा. त्याला एकच सवय होती. कोणी काही सुचवलं की तो डोळे बारीक करून विचारायचा, "पण यात याचा फायदा काय?" धर्मशाळा बांधायला निघालेल्या एका व्यापाऱ्याचा डाव त्याने असाच उघडा पाडला होता. तेव्हापासून लोक म्हणत, "आपल्या कारभाऱ्याला कोणी फसवू शकत नाही." रायाजीला हे वाक्य फार आवडायचं.

एकदा राजाने ठरवलं, की राजधानीपासून समुद्रापर्यंत वाऱ्यासारखी धावणारी आगगाडी सुरू करायची. बैलगाडीने जायला कित्येक दिवस लागणारा रस्ता ती एका सकाळीत कापणार होती. राजाचा अधिकारी शहरात आला आणि चावडीवर सगळ्यांना म्हणाला, "गाडी तुमच्या शहरावरून जाणार आहे. स्थानक कुठे हवं ते तुम्हीच ठरवा. मी अमावास्येला परत येईन, तेव्हा एकमताने जागा सांगा. एकमत झालं नाही, तर गाडी इथे थांबणार नाही. भांडणाच्या गावात स्थानक बांधू नका, असा राजाचा हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी चावडीवर सभा भरली. कापडाचा व्यापारी उठला. "स्थानक बाजारपेठेजवळ असावं. माल तिथेच येतो, तिथूनच जातो."

रायाजीने डोळे बारीक केले. "तुमचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे ना?"

व्यापारी खाली बसला.

मग बागवान उठला. "आमच्या काठावर मोकळी जागा आहे. शिवाय पेरू दोन दिवसांत नासतो, तो ताजा ताजा समुद्रापर्यंत पोचेल."

"आणि पेरू कोणाचे?" रायाजीने विचारलं. सभेत हशा पिकला. बागवानही खाली बसला.

दिवसामागून दिवस असेच गेले. कोणी उठला, की बाकीचे त्याच्या घराकडून सुचवलेल्या जागेपर्यंत मनातल्या मनात अंतर मोजू लागत. सख्खे व्याही एकमेकांच्या ओसरीवर बसेनासे झाले.

अमावास्या जवळ आली तेव्हा वैद्यबाई उठल्या. दोन्ही काठांवरच्या लोकांना औषध देणाऱ्या या बाई सभेत कधी बोलत नसत. त्या म्हणाल्या, "नदीच्या वळणावरचा माळ बघा. पुलापासून जवळ, म्हणजे दोन्ही काठांना सारखाच सोयीचा. पुराचं पाणी तिथे चढत नाही. कोणाचं घर पाडावं लागणार नाही, कोणाची बाग तोडावी लागणार नाही."

काहींनी माना डोलावल्या. सगळ्यांनी रायाजीकडे पाहिलं.

रायाजी म्हणाला, "उद्या सांगतो."

त्याने चौकशी सुरू केली. माळ शहराच्या मालकीचा, गुरं चारायचा. आसपास बाईंची जमीन? नव्हती. भाऊबंदांची? नव्हती. कोणी त्यांना भेटायला आलं होतं का? आजारी माणसांशिवाय कोणी नाही.

दुसरा एखादा निर्धास्त झाला असता. रायाजी अस्वस्थ झाला. "काहीच सापडत नाही," तो बायकोला म्हणाला, "म्हणजे फारच खोल पुरून ठेवलंय."

बायको म्हणाली, "अहो, मग त्यांनाच विचारा ना."

"चोराला विचारून चोरी सापडते का?"

संध्याकाळी तो वैद्यबाईंच्या मागे मागे गेला. त्या माळावर जाऊन उभ्या राहिल्या आणि समुद्राच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. रायाजी झाडामागून पुढे आला.

"इथे काय बघता, बाई?"

वैद्यबाई दचकल्या नाहीत. "लेक दिली आहे समुद्राकाठी. लग्न झाल्यापासून भेट नाही. बैलगाडीचे धक्के माझ्या पाठीला सोसत नाहीत आणि तिला लहान मूल आहे. इथे गाडी थांबली, तर डोळे मिटायच्या आधी तिला एकदा बघेन."

"म्हणजे तुमचाही स्वार्थ आहे तर!"

"आहे की. पण गाडी कुठेही थांबली तरी माझं काम होईल, कारभारी. हा माळ मी अशासाठी सुचवला, की निदान या जागेवरून तरी कोणी भांडणार नाही."

रायाजीने शेवटचं वाक्य ऐकलं, पण ते त्याच्या मनात उतरलं नाही. त्याला हवं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने भर सभेत सांगितलं, "बाईंना लेकीकडे जायचंय, म्हणून हा सगळा खटाटोप!"

"तरीच!" कापडवाला म्हणाला.

"वाटलंच होतं," बागवान म्हणाला. कित्येक दिवसांत त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं.

माळ चांगला आहे की वाईट, हे कोणीच विचारलं नाही. वैद्यबाई उठून घरी गेल्या.

अमावास्येला अधिकारी आला आणि सगळ्यांचं ऐकून, नकारार्थी मान हलवून निघून गेला. पुढे रूळ पडले, ते नेमके त्या माळावरून. गाडी सुरू झाली. शिट्टी वाजवत यायची आणि तशीच निघून जायची.

वर्षभराने निरोप आला, की समुद्राकाठी राहणारा रायाजीचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला आहे. सगळ्यात जवळचं स्थानक राजधानीच्या बाजूला, बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणजे आधी उलटं जायचं आणि मग गाडीत बसायचं. रायाजी निघाला, तर गाडीवानाने आणखी एक सवारी घेतलेली. वैद्यबाई होत्या. पाठीला उशी बांधून, ओठ घट्ट मिटून त्या बसल्या होत्या. लेक आता दुसऱ्यांदा बाळंत होणार होती, आणि त्यांना राहवलं नव्हतं.

दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आगगाडीतही समोरासमोर बसले. गाडी सुटली, आणि बघता बघता पेरूच्या बागा दिसल्या, पूल दिसला, माळावर चरणारी गुरं दिसली आणि मागे पडली.

शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "छान शहर दिसतंय. कुठलं हो?"

"आमचं," रायाजी म्हणाला.

"मग इथे गाडी थांबत कशी नाही? एवढा मोकळा माळ आहे!" प्रवाशाने डोळे बारीक केले. "नक्कीच कोणाचा तरी स्वार्थ आडवा आला असणार."

रायाजीने खिडकीतून मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "नाही. माझा संशय आडवा आला."

त्याने वैद्यबाईंकडे पाहिलं. या काही बोलत का नाहीत? मनात काय असेल यांच्या? पुन्हा तेच विचार. मग त्याने ते बाजूला सारले आणि सरळ विचारलं, "बाई, माझ्यावर रागावलात?"

"हो," वैद्यबाई म्हणाल्या. "फार रागावले आहे. पण आज लेक दिसणार आहे, म्हणून भांडण परतीच्या वाटेवर ठेवलंय."

रायाजीने उठून आपल्या घोंगडीची घडी केली आणि त्यांच्या पाठीमागे ठेवली. त्यांनी ती नाकारली नाही.

तात्पर्य: बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे हे शोधत बसणाऱ्याला, तो सांगतोय ते सगळ्यांच्या भल्याचं आहे का, हे ऐकूच येत नाही.