पोपटांच्या लेखी

एका जंगलात कोणालाही स्वतःचं नाव लक्षात ठेवावं लागत नसे. ते काम पोपटांकडे होतं, आणि तेही फुकट. पाणवठ्यावर गेलं की पोपट तुमचं नाव घेई, मग पाणी मिळे. त्याने नाव घेतलं नाही, तर तुम्ही कोणीच नव्हता. सिंहमहाराजांचा तसा हुकूमच होता : "नाव पोपटाकडे, प्रजा निर्धास्त."

तानी साळिंदरीचे अण्णा वारले. दहाव्याला तिने पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तिने रीतीप्रमाणे अण्णांना वचनं दिली : आईला सांभाळीन, बीळ विकणार नाही, धाकट्याची सोयरीक घुशींकडे करणार नाही. शेवटी अण्णांचे जुने मित्र बाजीकाका कावळे अवघडून फांदीवरून खाली सरकले.

"अगं पोरी, त्याची इच्छा अडलेली नाही. माझी शिवायची परवानगी अडलीय. पोपटांच्या लेखी तो अजून जिवंत आहे."

तानी पोपटाकडे गेली. मेल्याची खबर ज्याची त्याने स्वतःच्या आवाजात द्यावी, असं तो नम्रपणे म्हणाला. तिने हट्ट धरला, तेव्हा त्याने संशयावरून तिचंच नाव गोठवलं. वर विचारलं, सेवा कशी वाटली?

दाद मागायला ती गुहेकडे गेली, तर महाराजच दाराबाहेर. सर्दीने डरकाळी बसली होती. "आवाज जुळत नाही," दारावरचा पोपट म्हणत होता. प्रधान महाराजांना चांगले ओळखत होते, पण पोपटाआधी कोणाला ओळखणं गुन्हा होता. हुकूम महाराजांचाच.

तानी पिंडाकडे परतली. उपाशी महाराज तिच्या मागोमाग निघाले, आणि भाताचा वास येताच त्यांनी पिंड गिळला.

पिंडावरच्या फांदीवर बसलेला पोपट क्षणभर घुटमळला. पण नियम स्पष्ट होता : पिंडाला शिवतो तो कावळा.

"कावळा शिवला," त्याने पुकारलं. "साळिंदर मयत."

तानीने हात जोडले. अण्णा गेल्यापासून ताठ उभे राहिलेले तिचे काटे हळूहळू अंगाला टेकले.

महाराजांची नोंद कावळा अशी झाली. पाणी मिळू लागल्यामुळे त्यांनी ती चालवून घेतली. रिकाम्या सिंहासनावर पोपट तात्पुरते बसले आणि त्यांनी लगेच निवडणूक जाहीर केली. तानीचं नाव अभिनंदनासह परत मिळालं. तिनेही मत दिलं. कोणाला, ते पोपटाने तिला नम्रपणे कळवलं.