विस्तव आणणारे तिघे

एका राज्यात एके सकाळी सगळ्या चुली एकदम विझल्या. गारगोटीवर ठिणगी पडे, पण कापूस काही धरीना. लोहाराचा भाता नुसता वारा फुंकी, कुंभाराची मडकी कच्चीच राहिली, आणि बाळंतिणी गार पाण्याकडे बघून रडू लागल्या.

त्या राज्यावर चारुमती राणी होती. बाप भद्रसेन राजा वारला, त्याला वर्षही झालं नव्हतं. राणीने मांत्रिक बोलावले. मंत्र संपले, पण देवापुढची समई लागली नाही. तेव्हा ती राजवाड्यामागच्या वडाखाली गेली. तिथे एक म्हातारा धनेश पक्षी राही. त्याला माणसाची वाचा होती.

"धनेशा, अग्नी कुठे गेला?"

"जुनी गोष्ट आहे, राणी. धूम्राक्ष नावाच्या मायाव्याने अग्नी चोरला होता. तुझ्या बापाचं सैन्य खिंडीपार गेलं आणि लढून तो परत घेऊन आलं. मरता मरता धूम्राक्ष म्हणाला, 'मला हरवणाऱ्यांना राजघराणं विसरेल, त्या वर्षी अग्नी माझ्यामागे येईल.' तुझा बाप दरवर्षी त्या वीरांच्या दारी जाई. पुढे माणूस धाडू लागला. यंदा तेही राहिलं."

"कोणी उरलं आहे?"

"तिघे. एकटी जा, पायी जा. जो जे मागेल ते स्वतः कर."

राणीने पदर खोचला आणि ती निघाली.

रानाच्या कडेला भिवजी राही. त्याने युद्धात निशाण धरलं होतं. मायावी धुराने त्याचे डोळे गेले होते.

"मला पाठीवर घे आणि टेकडीवर ने," तो म्हणाला. "आम्ही जिंकलेला वारा पुन्हा तोंडावर घ्यायचा आहे."

राणीने त्याला उचललं. वाळल्या भोपळ्यासारखा हलका म्हातारा. पण दहाव्या पावलाला तो धोंड्याएवढा झाला, शंभराव्या पावलाला पर्वताएवढा.

"बाबा, तुम्ही जड कसे होता?"

"माझ्या पाठीवर पडलेले गडी आहेत. एकशेचाळीस. उतरायला सांगवत नाही."

"मग राहू देत," राणी म्हणाली. गुडघे फुटले, पण तिने माथा गाठला. भिवजीने वाऱ्याकडे तोंड केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नदीकाठी सटवोजी होता. "माझी लढाई ऐक," तो म्हणाला. "लोक मध्येच उठून जातात."

तो बोलू लागला, तसे नदीतून घोडे निघाले, भाले चमकले. कोवळी पोरं पडताना राणीने पाहिली. दोन दिवस ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "आणि मग मी पळालो. ढाल टाकून पळालो. हे आजवर कोणाला सांगितलं नाही."

पाण्यात एक तरुण पाठ फिरवून धावत होता. राणी बघत राहिली. तो थांबला, वळला, आणि पुन्हा धुरात शिरला.

"परत फिरलात, बाबा," ती म्हणाली. "मी पाहिलं."

सटवोजी पुष्कळ वेळ रडला. मग त्याने तिला पुढची वाट दाखवली.

तिसरा रखमाजी, माळावरच्या झोपडीत. जळता निखारा ओंजळीत धरून त्याने खिंड ओलांडली होती. तेव्हापासून त्याच्या मुठी मिटलेल्या त्या उघडल्याच नाहीत. शेजारीण त्याला भरवी.

"मला काही नको," तो म्हणाला. "तुझ्या बापाने एकदा शाल पाठवली होती. आणणाऱ्याने मला विचारलं, 'हे घर कोणाचं?' शाल परत धाडली."

राणी त्याच्यापुढे जमिनीवर बसली.

"खरं सांग, माझ्यासाठी आलीस की विस्तवासाठी?"

"विस्तवासाठी निघाले होते, खोटं बोलणार नाही. पण वाटेत एकाला वाहिलं, एकाला ऐकलं. आता विस्तव मिळो न मिळो, आमची चूक पदरात घ्या. आम्ही तुमच्यामुळे ऊन अन्न खाल्लं, आणि तुम्हाला विसरलो."

तिने त्याच्या मुठींवर कपाळ टेकलं. म्हाताऱ्याच्या मुठी सैल झाल्या. एकेक बोट सुटलं. तळहातावर निखारा होता, लाल, जिवंत.

"ने, पोरी," रखमाजी म्हणाला. "लेकरं उपाशी असतील."

राणीने निखारा खापरात घेतला आणि ती चालू लागली. ती जिथून गेली, तिथल्या चुली पेटत गेल्या. शाप सरला, धूम्राक्षाची उरलीसुरली राख वाऱ्यावर उडाली.

धूम्राक्षावरच्या विजयाच्या दिवशी राणी पालख्या घेऊन स्वतः तिघांना आणायला गेली. दरबारात त्यांची पानं तिच्या पानाच्या वरच्या जागी मांडली. रखमाजीने कित्येक वर्षांनी आपल्या हाताने घास उचलला. अर्धा भात सांडला. कोणी हसलं नाही. तो घास गिळून होईपर्यंत सारा दरबार उभा होता.

तेव्हापासून त्या राज्यात रीत पडली. पहाटेचा पहिला विस्तव म्हाताऱ्या शिपायांच्या घरी जातो. राजवाड्याची चूल त्यानंतर पेटते.