बद्द वाजणारा दगड

चपला तिकडंच काढा, पाव्हणं, आणि दगडाचे तुकडे खिशात घालू नका. ही जी गोल दरी दिसते तिला आम्ही घावखळगा म्हणतो. तिच्या काठाला ही विहीर, आणि विहिरीपाशी हा काळा दगड.

धरित्री कोवळी होती तेव्हा गुळाच्या काहिलीसारखी रटरटत होती, असं सांगतात. जड होतं ते तळाला बसलं, हलकं वर येऊन थिजलं. मग आभाळातून धोंडे बरसले. त्यातला एक इथं आदळला म्हणे, त्याचा हा खळगा. ही धरित्रीची जखम, इथं कुदळ लावायची नाही, असा गावाचा दंडक होता.

गाव वसलं, पण पाणी नव्हतं. विहीर खोदायला हणमंता वडार आणि त्याची बायको तिम्मव्वा आली. एरवी ही माणसं पाटे-वरवंटे घडवायची. हातोडा मारल्यावर खणखणीत वाजेल तोच दगड चांगला, ही त्यांची जन्माची सवय. तीच नडली. खणखणीत जागा बघून त्यांनी तीन विहिरी खोदल्या आणि तिन्ही कोरड्या ठणठणीत निघाल्या. दोन कोसांवरून पाणी आणून लोक रडकुंडीला आले. गाव उठायचं ठरलं.

तिम्मव्वाच्या जिवाला ते फार लागलं. आपल्या हातून गाव उठणार! ती कोरड्या विहिरीत बसून राहिली, आणि एकाएकी नवऱ्याला म्हणाली, "अवं, आपण पाट्याचा दगड शोधत बसलो. जो तडकलाच नाही त्यातनं पाणी यायचं कुठनं?"

तशीच उठून ती खळग्याच्या काठावर गेली. एवढा घाव बसल्यावर खालचा खडक धड कसा राहील? तिनं ह्याच काळ्या दगडावर हातोडा मारला. बद्द वाजला.

पाटील आडवे आले. "जखमेवर घाव घालतीस? कोप झाला म्हंजे?"

"झाला तर माझ्यावर हुईल. पाणी लागेस्तवर मी वर येत न्हाई, पाटील. न्हाईच लागलं, तर ह्याच खड्ड्यात मला बुजवा."

हणमंता आधी चिडला, ओरडला, आणि मग पहार घेऊन तिच्यामागं उतरला. अकरा दिवस भाकरी दोरानं खाली जात होती. हातांची सालटी निघाली, पण बाई काही हटली नाही. वर पाटलांनी बुजवायला मातीचा ढीग तयार ठेवला होता म्हणे. बाराव्या दिवशी पहार एका भेगेत रुतली. ती उपसली आणि खालून हाक आली, "पाटील, ती माती ऱ्हाऊ द्या! घागरी सोडा!"

आजही गावात आलेली नवी सून पहिली घागर भरण्याआधी ह्या दगडावर हातोडा मारते. परगावची पोर ती, बद्द आवाज ऐकून बिचारीचा चेहराच उतरतो. तिला वाटतं, अपशकुन झाला. मग सासूच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "फुटका हाय म्हणून तर पाणी हाय, बाई. सोड घागर."