घोणस आणि सावरीचा कापूस

डोंगरउतारावरच्या एका रानात, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेलगत करवंदीची एक दाट जाळी होती आणि त्या जाळीत एक घोणस राहत असे. घोणस विषारी, यात शंका नाही. पण इतकी समंजस शेजारीण रानात शोधून सापडली नसती. कोणाची पावलं जवळ आली, की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकायची. त्याचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे, जरा बाजूने जा. सगळे तो आवाज ऐकून वळसा घालायचे, आणि म्हणूनच तिने येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाला आजवर दात लावला नव्हता.

आता मुलांनो, जिचा आवाज ऐकून सगळे लांबून जातात, तिच्याशी गप्पा कोण मारणार? घोणशीचा दिवस वेटोळ्यावर मान टेकून सरायचा. फक्त संध्याकाळी एक म्हातारं कासव पाण्यावरून परतायचं. जमिनीची ती सावकाश थरथर तिला लांबूनच ओळखू यायची. ती फूत्कारायची, आणि कासव इतरांसारखं लगबगीने न पळता थांबायचं. "आहेस ना? बरं, बाजूने जातो," असं म्हणायचं आणि जायचं. एवढंच बोलणं. पण त्या बोलण्याची घोणस दिवसभर वाट पाहत असे. हे तिने कासवाला कधी सांगितलं मात्र नाही.

वैशाखात एक थकलेलं भेकर जाळीच्या सावलीला आलं. घोणशीने आवाज दिला, ते शहाण्यासारखं पलीकडे जाऊन बसलं, आणि बसल्या जागी म्हातारपणाने गेलं. झाडावरून साळुंकीने पाहिलं ते इतकंच, की घोणस फूत्कारली आणि भेकर मेलं. साळुंकीच्या पोटात काही राहत नाही. पाणवठ्यावर पोचेपर्यंत तिने त्याला भरपूर तिखटमीठ लावलं. वानरांनी त्यात भर घातली, की घोणशीचा नुसता आवाज कानात शिरला तरी त्याचं विष होतं. सशाने तर आपल्याला कालपासून चक्कर येत असल्याचंही सांगून टाकलं. भेकराच्या अंगावर दात उमटलेत का, हे पाहायला मात्र कोणी गेलं नाही.

कोल्हा सल्ला द्यायला टपलेलाच असतो. सावरीची बोंडं फुटली होती, रानभर कापूस उडत होता. "कानात बोळे घाला आणि खुशाल जा," तो म्हणाला. सगळ्यांना हे पटलं. वानरं वाटेच्या वळणावर बसली आणि येईल त्याच्या कानात मोठ्या मायेने कापूस कोंबू लागली. एकट्या सशाच्या कानांना फांदीभर बोंडं लागली.

त्या संध्याकाळी ओळखीची थरथर आली. घोणस फूत्कारली, पण कासव थांबलं नाही. तिने पुन्हा आवाज दिला, होता नव्हता तेवढा जीव एकवटून दिला. कासव सरळ चालत आलं आणि त्याचा पाय तिच्या शेपटीवर पडला. काही कळायच्या आत घोणशीने झडप घातली आणि दात कासवाच्या कवचावर आपटले. कवच जाड होतं म्हणून कासव वाचलं. घाबरून त्याने कान खरवडून बोळे काढले.

"आज आवाज दिला नाहीस?" त्याने दुखावून विचारलं.

"दिला रे," घोणस म्हणाली. "तुला ऐकू गेला नाही."

कासव तसंच मागे फिरलं आणि पाणवठ्यावर जाऊन सगळ्यांना सांगू लागलं, की घोणशीचा आवाज विष नाही, तो आपल्याला वाचवतो, कापूस काढा. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. कान तर बंद होते. त्यांना फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं. बिचाऱ्याला घोणशीचा आवाज बाधला, अशी खूण वानरांनी एकमेकांना केली आणि त्याच्या कानात नवे बोळे घातले.

दुसऱ्या दिवशी कासव कान मोकळे करून जाळीपाशी आलं, तेव्हा घोणस निघायच्या तयारीत होती. ती म्हणाली, "काल तुझं कवच होतं. उद्या हरणाचं पाडस आलं तर? मी वरच्या खडकांत जाते."

कासवाने तिला समजावलं, की तिकडे सावली नाही, पाणी नाही, आणि तिच्या पोटात तर पिल्लं आहेत.

"पण तिकडे वाट नाही," घोणस म्हणाली. मग म्हणाली, "तुझं ते 'आहेस ना' मला दिवसभर पुरायचं." आणि जड अंगाने ती चढण चढू लागली. कासवाच्या पायांना ती चढण झेपणारी नव्हती.

जाळी रिकामी झालेली पाहून रानात आनंदीआनंद झाला. कापसाचा गुण आला असंच सगळ्यांनी मानलं, आणि मग तो कोणी काढलाच नाही.

कासव अजून रोज संध्याकाळी त्या जाळीपाशी थांबतं. मान बाहेर काढून विचारतं, "आहेस ना?" थोडा वेळ वाट पाहतं. आत कोणी नाही हे ठाऊक असूनही मग जाळीला वळसा घालून बाजूने जातं.

तात्पर्य : अफवेला भिऊन जो कान बंद करतो, त्याला सावध करणाऱ्याची हाकही ऐकू येत नाही आणि खरं सांगणाऱ्याचं बोलणंही.